रात्र थोडी, सोंगं फार! हॅकेथॉनमध्ये टीम नेमकी कुठे जिंकते आणि कुठे फसते?

फेसबुकवरचं 'लाइक'चं बटण आपण दिवसातून किती वेळा दाबतो, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. मित्राच्या बाळाचं बारसं असो की भावकीतल्या कुणाचा नवा ट्रॅक्टर, अंगठा वर गेलाच पाहिजे. पण या बटणाचा जन्म एका रात्रीच्या जागरणातून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जुलै २००७ मध्ये फेसबुकच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीतच भरलेल्या हॅकेथॉनमध्ये त्याचा पहिला नमुना बनवला. तेव्हा त्याचं नाव 'लाइक' नव्हतं, 'ऑसम' होतं.

आता गंमत पाहा. रात्रीत तयार झालेलं हे बटण लोकांसमोर आलं ते थेट ९ फेब्रुवारी २००९ रोजी. मधे दीड वर्षाहून जास्त काळ गेला. मार्क झुकरबर्गला ते पटत नव्हतं. लोक नुसता अंगठा दाखवून मोकळे होतील आणि कॉमेंट लिहिणंच सोडून देतील, अशी धास्ती होती. या काळात हे काम एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. कुणी चिन्हावर डोकं लढवलं, कुणी नावावर. शेवटी आकडेवारीवाल्यांनी चाचणी घेऊन दाखवलं की कॉमेंट कमी होत नाहीत, उलट वाढतात. तेव्हा कुठे होकार मिळाला.

म्हणजे त्या एका रात्रीला महत्त्व आहेच, पण ती कल्पना जगली ती पहिल्या टोळक्याने पुढच्यांना नीट समजावून दिली म्हणून. हॅकेथॉनबद्दल बोलताना नेमका हाच भाग सुटतो.

मंडळी, हॅकेथॉन म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. अंधारी खोली, डोक्यावर ओढलेली हुडी, आणि एकटाच कीबोर्ड बडवणारा पोरगा. हे चित्र सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. खऱ्या हॅकेथॉनच्या हॉलमध्ये पाऊल टाकलंत तर पहिल्यांदा कानावर येतो तो गलका. तिथे टायपिंगपेक्षा बोलणंच जास्त चालतं. ज्याला जे येतं ते त्याने शेजारच्याला किती लवकर आणि किती सरळ सांगितलं, यावर त्या रात्रीचं बरंचसं भवितव्य ठरतं.

हा शब्द आला कुठून?

'हॅक' आणि 'मॅरेथॉन' जोडून हा शब्द झाला. इथल्या 'हॅक'चा बँक खात्यातल्या चोरीशी काही संबंध नाही. हाताशी असेल त्यातून डोकं लढवून मार्ग काढणं, हा त्याचा जुना अर्थ. आपल्या 'जुगाड'च्या जवळ जाणारा.

या शब्दाची कहाणी जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरात सुरू होते. ओपनबीएसडी नावाची एक मोफत आणि खुली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, सुरक्षिततेसाठी नावाजलेली. तिचे दहा प्रोग्रॅमर तिथे एकत्र जमले. कॅनडाच का, तर त्या काळी अमेरिकेत माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर कडक बंधनं होती. हे काम अमेरिकेत बसून केलं असतं तर ते जगाला वाटताना कायद्याची अडचण आली असती. म्हणून मंडळी सीमेपलीकडे जमली आणि एकमेकांशेजारी बसून कामाला लागली. या मेळाव्यात ना परीक्षक होते, ना बक्षीस, ना टाळ्या. एरवी ईमेलवर चालणारं काम समोरासमोर बसून उरकायचं, एवढाच बेत.

त्याच महिन्यात अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या जावावन परिषदेत जॉन गेज यांनी जमलेल्या लोकांना एक आव्हान दिलं. खिशात मावणारं पाम व्ही हे उपकरण घ्या आणि त्याच्या इन्फ्रारेडवरून दुसऱ्या पामशी बोलणारा प्रोग्रॅम लिहून दाखवा. त्यालाही हॅकेथॉनच म्हटलं गेलं.

म्हणजे शब्दाच्या जन्मालाच दोन तोंडं होती. एकीकडे मिळून काम उरकणं, दुसरीकडे आव्हान आणि स्पर्धा. यातलं पहिलं तोंड मराठी माणसाला अगदी ओळखीचं वाटेल. आपल्याकडे खेड्यांत इर्जिक घालतात. एखाद्याच्या शेताची कामं मागे पडली की गावातले शेतकरी आपापले बैल आणि औतं घेऊन येतात, एका दिवसात रान मोकळं करून देतात, आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. इर्जिकीत कुणाचा पहिला नंबर काढत नाहीत.

जगभर गाजलं मात्र दुसरं तोंड. २००६ मध्ये याहूने बाहेरच्या प्रोग्रॅमर लोकांसाठी मोठा हॅक डे भरवला. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कमधल्या टेकक्रंच डिसरप्टच्या हॅकेथॉनमध्ये ग्रुपमी हे गटात मेसेज पाठवायचं ॲप तयार झालं आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, स्काइपने ती कंपनी विकत घेतली. अशा गोष्टी पसरल्या की काय होतं हे सांगायला नको. जो तो आपण पुढचे ग्रुपमी होणार अशा थाटात लॅपटॉप उघडून बसायला लागला.

सगळं इर्जिकीचं वळण संपलं असं मात्र नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये विकिपीडियाच्या मंडळींची हॅकेथॉन मुंबईत भरली होती, तिथे भारतीय भाषांत टाइप करण्याच्या सोयी हा एक विषय होता. असल्या कामात नुसतं कोड येऊन भागत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक मराठी वाचणाऱ्या पोरालाही कळतो. पण ज्याने मराठी कधी वाचलीच नाही अशा हुशारातल्या हुशार प्रोग्रॅमरला त्या दोन 'र'मध्ये काही वेगळं आहे, हे दिसणारच नाही. त्याला ते कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

सहा जण, छत्तीस तास

आपल्याकडे हॅकेथॉन घराघरांत पोहोचली ती स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे. केंद्रीय शिक्षण खातं आणि एआयसीटीई यांनी ती २०१७ मध्ये सुरू केली. ही कल्पना उभी करण्यात पुण्याच्या अभय जेरे यांचा मोठा वाटा आहे. ते आधी पर्सिस्टंट कंपनीच्या संशोधन विभागात होते, पुढे शिक्षण खात्याच्या इनोव्हेशन सेलचे प्रमुख झाले. सरकारी खाती आणि कंपन्या आपल्या खऱ्याखुऱ्या अडचणी मांडतात आणि कॉलेजची मुलं त्यांवर उपाय बनवतात, असा मामला. टीम सहा जणांची, त्यात किमान एक मुलगी हवीच. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते.

छत्तीस तास ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यातून झोप, जेवण, परीक्षकांच्या फेऱ्या आणि मधेच बंद पडणारं वायफाय वजा करा. रात्र थोडी आणि सोंगं फार, ही म्हण जणू याच प्रसंगासाठी केली असावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, विषय आहे चाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की शेतकऱ्याला वेळेत कळवायचं. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव मिळेल तसा दिवाळीपर्यंत निघत राहतो. मधल्या पावसाळ्यात दमट हवेने तो सडू लागला की शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं. सहा जणांची टीम आहे. दोघं कोडिंगमध्ये तरबेज, एकाला सर्किटं जमतात, एकजण मशीन लर्निंगचा भक्त, एकजण स्क्रीन छान सजवतो. सहावी मुलगी निफाडकडची. तिच्या घरी कांद्याची चाळ आहे. तिला काम कोणतं मिळतं? प्रेझेंटेशन.

आता पहिले दहा तास टीम झपाट्याने पुढे जाते. सडणाऱ्या कांद्यातून निघणारे वायू ओळखणारा सेन्सर चाळीच्या भिंतीवर लावायचा, तो इंटरनेटवर माहिती पाठवणार, मोबाइल ॲपवर रंगीत आलेख दिसणार. मध्यरात्री वडापाव खाताना ती मुलगी सहज म्हणते, "पण कांदा ढिगाच्या मधून सडतो. भिंतीपर्यंत वास येईस्तोवर निम्मा गेलेला असतो." मग पुढे हळूच म्हणते, "आणि आमच्या मळ्यात रेंज नसते, बाबांचा फोनही साधा आहे."

संपलं! दहा तासांचं काम पाण्यात. सेन्सरची जागा बदलायची, इंटरनेटऐवजी साधा एसएमएस पाठवायचा, ॲपचं महत्त्व कमी. त्यातही खरी गरज तिला विचारल्यावरच कळते. 'कांदा खराब होतोय' एवढं सांगून शेतकऱ्याला उपयोग नाही, कोणत्या कप्प्यातला होतोय ते हवं. कारण अख्खी चाळ उपसून कांदा निवडायचा तर मजुरी परवडत नाही.

हीच वाक्यं पहिल्या तासात बोलली गेली असती तर? ती का बोलली गेली नाहीत, हा खरा प्रश्न आहे. तिला कुणी विचारलं नाही, हे एक. आपल्याला माहीत आहे ते 'ज्ञान' आहे असं तिला स्वतःलाही वाटलं नाही, हे दुसरं. घरची चाळ म्हणजे घरची चाळ, त्यात सांगण्यासारखं काय! टीममध्ये मुलगी हवी या नियमाने तिला खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवरून ती बोलेल आणि बाकीचे ऐकतील, याची हमी नियम देऊ शकत नाही.

म्हणून मुरलेल्या टीम पहिला तासभर लॅपटॉपला हातच लावत नाहीत. मला काय येतं, काय येत नाही, आणि या समस्येतलं मी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंय, हे प्रत्येकाने सांगायचं. यातला मधला प्रश्न सगळ्यात जड जातो. 'मला हे येत नाही' हे वाक्य पंचवीस जणांच्या वर्गात सरांसमोर कधी म्हणायची सवय नसते. मग पोरगा मान डोलावतो, सहा तास एकटाच यूट्यूबवर शोधत बसतो, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला ते दहा मिनिटांत सांगता आलं असतं, हे पहाटे कळतं.

एकखांबी तंबू आणि पहाटे तीनची भांडणं

दुसरा हमखास घोळ म्हणजे एकखांबी तंबू. टीममधला एकजण सगळ्यांत हुशार असतो. तो म्हणतो, तुम्ही थांबा, समजावण्यात वेळ जाईल, मीच करतो. त्या क्षणी ते खरंही असतं. समजावायला अर्धा तास आणि करायला वीस मिनिटं. पण रात्री अडीचला त्याचे डोळे मिटायला लागतात आणि बाकीचे पाच जण चहाचे कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसतात. कोडची किल्ली एकाच्याच खिशात. सकाळी परीक्षकांनी तिसऱ्याच सदस्याला प्रश्न विचारला की तंबू खाली. परीक्षक मुद्दाम असंच विचारतात, बरं का.

आपल्याकडे 'हातचं राखून' शिकवण्याची एक जुनी रीत आहे. पहिलवान शेवटचा डाव शिष्याला शिकवत नाही, म्हणतात. कुस्तीत ते ठीक असेल. पण ज्या आखाड्यात सगळ्यांना एकाच बाजूने लढायचंय, तिथे राखलेला डाव स्वतःवरच उलटतो.

तिसरा घोळ तांत्रिक आहे, पण मुळात तोही बोलण्याचाच. सगळे जण आपापल्या लॅपटॉपवर कोड लिहीत असतात आणि तो एकत्र जोडण्यासाठी गिट नावाची व्यवस्था वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ ला गिट लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला ते स्वतःचाच कोड सांभाळू लागलं. चार दिवसांत! हाही एक हॅकेथॉनच म्हणायचा. गिटचं काम समजायला लग्नपत्रिकेचं उदाहरण घ्या. पत्रिकेचा मजकूर काकांनी आणि मामांनी आपापल्या घरी वेगवेगळा दुरुस्त केला. काकांनी मुहूर्ताची वेळ बदलली आणि मामांनी कार्यालयाचा पत्ता, तर दोन्ही बदल गुण्यागोविंदाने एकत्र होतात. पण दोघांनीही 'आपले नम्र' खालची तीच ओळ बदलली, तर छापखानेवाल्याने कुणाची ओळ ठेवायची? गिट अशा वेळी थांबतं आणि सांगतं, तुमचं तुम्ही ठरवा. याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

हे तासातासाला जोडत गेलं तर भांडण एका ओळीपुरतं राहतं. पण टीम काय करतात? तीस तास आपापलं लिहितात आणि शेवटच्या चार तासांत सगळं एकदम जोडायला काढतात. मग कुणाची ओळ कुणाच्या ओळीवर बसली ते कळत नाही, आणि काल रात्री चालणारं ॲप आज सकाळी उघडतसुद्धा नाही. हॅकेथॉनमध्ये शेवटच्या तासात रडणारी जी मुलं दिसतात, त्यांतली बरीचशी याच पायरीवर अडलेली असतात.

अलीकडे यात एक नवा पाहुणा आलाय. एआयला सांगितलं की तो धडाधड कोड लिहून देतो. त्यामुळे टायपिंगचा वेग हा मुद्दाच राहिला नाही, आणि समस्या नेमकी काय हे सांगता येणाऱ्या माणसाची किंमत वाढली. आपल्या निफाडच्या मुलीची बाजू वर आली म्हणायचं. पण त्याचबरोबर टीममध्ये कुणालाच न कळणारा कोड जमा व्हायला लागला. पूर्वी किल्ली निदान एकाच्या खिशात तरी असायची.

राहिले मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर. ते दर काही तासांनी टेबलापाशी येतात. बहुतेक टीम त्यांना परीक्षक समजतात आणि झालेलं काम चकाचक करून दाखवतात. वास्तविक अडलेलं दाखवायचं असतं. जो मेंटॉर उत्तर न देता 'हे कुणासाठी करताय?' एवढंच विचारून निघून जातो, त्याचा मुलांना तेव्हा राग येतो. घरी परतताना बसमध्ये त्याचंच बोलणं आठवतं.

आणि शेजारच्या टेबलावरची प्रतिस्पर्धी टीम? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सगळे एकमेकांपासून लपवाछपवी करत असतील. पण रात्री दोन वाजता चार्जर, वायरी, सेन्सर आणि 'हा एरर कुणाला आलाय का' असे प्रश्न टेबलाटेबलांवरून फिरत असतात. दिवसा स्पर्धा असते, रात्री पुन्हा इर्जिक होते.

सोमवारी सकाळी काय उरतं?

इथपर्यंत सगळं छान. पण हॅकेथॉनवर होणारी खरी टीका वेगळीच आहे. शनिवार-रविवार जागरण, फोटो, प्रमाणपत्र, लिंक्डइनवर पोस्ट, आणि सोमवारपासून त्या प्रकल्पाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. यजमान कंपनीची फुकट जाहिरात झाली, मुलांचे दोन दिवस गेले. ही टीका खोटी नाही.

मात्र संशोधकांनी यात खोलवर पाहिलं तेव्हा चित्र थोडं गुंतागुंतीचं निघालं. डेव्हपोस्ट नावाच्या संकेतस्थळावर जगभरच्या हॅकेथॉनमधल्या प्रकल्पांची नोंद असते. अलेक्झांडर नोल्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास मांडला. प्रश्न साधा होता, हॅकेथॉन संपल्यावरही चालू राहणारे प्रकल्प कोणते? सुरुवातीच्या काळात आधीची तांत्रिक तयारी आणि जिंकणं या गोष्टींचा फायदा दिसला. बक्षीस मिळालं की उत्साह टिकतो, साहजिकच आहे. पण लांब पल्ल्याचा विचार केला तेव्हा महत्त्वाच्या ठरलेल्या गोष्टींत टीममधल्या कौशल्यांची विविधता होती. सगळे एकाच साच्यातले असण्यापेक्षा वेगवेगळं येणारी माणसं एकत्र असली, तर काम पुढे चालू राहण्याची शक्यता वाढते.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, आणखी एक अभ्यास आला. त्यात डेव्हपोस्टवरचे २२,१८३ प्रकल्प घेऊन त्यांतला कोडचा तुकडा न् तुकडा कुठून आला आणि कुठे गेला, याचा माग काढला होता. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हॅकेथॉनच्या प्रकल्पांत जो कोड असतो, त्यातले जेमतेम ९.१४ टक्के तुकडे हॅकेथॉन चालू असताना लिहिलेले असतात. बाकीचा मुख्यतः आधीच कुणीतरी लिहून जगासाठी खुला ठेवलेला. म्हणजे 'आम्ही रात्रीत बनवलं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक टीमच्या मागे, कधी न भेटलेल्या शेकडो माणसांनी वाटून टाकलेलं काम उभं असतं.

दुसरा आकडा त्याहून रंजक आहे. त्या रात्रीत लिहिलेल्या तुकड्यांपैकी साधारण एक तृतीयांश पुढे दुसऱ्या प्रकल्पांत वापरले गेले. मूळ ॲप बंद पडलं असेल, टीम पांगली असेल, पण तुकडा कुठेतरी कामाला लागला. आणि टीममध्ये माणसं जास्त असली तर ही शक्यताही वाढते, असंही त्यात दिसलं.

अर्थात यासाठी तो कोड खुला ठेवावा लागतो आणि सोबत रीडमी नावाची फाइल लिहावी लागते. ही फाइल म्हणजे घर भाड्याने देताना मालक नव्या भाडेकरूला सांगतो तशी यादी. पाणी किती वाजता येतं, कोणता नळ गळतो, मीटर कुठे आहे. दोन दिवस जागलेल्या मुलांना शेवटच्या तासात ही फाइल लिहायचा भयंकर कंटाळा येतो. बहुतेक जण प्रकल्पाचं नाव टाकून मोकळे होतात.

गोदाघाटावरची एक चटई

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर नाशिकला जायला हवं. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. रामकुंडाकडे जाणारे पंचवटीतले रस्ते किती अरुंद आहेत, हे नाशिककरांना सांगायला नको.

पुढचा सिंहस्थ २०१५ मध्ये होता. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून नाशिकमध्ये 'कुंभथॉन' भरू लागली. नावात हॅकेथॉन असली तरी ही एका रात्रीची गोष्ट नव्हती. ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा शिबिरं भरत गेली. विद्यार्थी, परदेशातून आलेले संशोधक, गावातले व्यावसायिक आणि प्रशासनातली माणसं एकमेकांशी बोलू लागली. गर्दी, रोगराई, जेवणखाण, राहण्याची सोय असे विषय पुढे आले.

त्यात निलय कुलकर्णी हा नाशिकचा पंधरा वर्षांचा मुलगा होता, स्वतःच्या जोरावर प्रोग्रॅमिंग शिकलेला. गर्दीच्या प्रश्नावर त्याने टीमबरोबर 'आशिओतो' नावाचा उपाय तयार केला. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. ही एक चटई होती, तिच्यात दाब ओळखणारे सेन्सर. वाटेवर अंथरली की तिच्यावरून किती माणसं गेली हे मोजायचं आणि ती माहिती इंटरनेटवरून लगेच पाठवायची. कुठे गर्दी साचतेय हे दिसलं तर पोलिसांना लोकांना वेळेत दुसऱ्या वाटेने वळवता येतं.

कल्पना किती साधी, पण ती सुचायला गर्दी ठाऊक असावी लागते. फोनवरून माणसं मोजायची म्हटली तर खेड्यापाड्यांतून येणाऱ्या प्रत्येक आजीच्या पिशवीत चालू फोन असेल असं नाही. पाय मात्र प्रत्येकाला असतात आणि घाटावर प्रत्येकजण चालतच जातो. हे नाशिकमध्ये वाढलेल्या मुलाला दिसतं. सेन्सर कसे जोडायचे हे दुसऱ्याला येतं, आकड्यांचा अर्थ तिसऱ्याला लावता येतो, आणि बॅरिकेड कुठे टाकायचं हे पोलिसालाच कळतं. यातला एक जरी गप्प बसला असता तरी ती नुसती चटईच राहिली असती.

ही चटई २०१५ च्या सिंहस्थात प्रत्यक्ष वापरली गेली आणि तो सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला. त्याचं सगळं श्रेय एका चटईला देणं अतिशयोक्ती होईल. हजारो पोलीस, महापालिकेचे कर्मचारी आणि स्वयंसेवक रस्त्यावर उभे होते. निलयने पुढे टेडच्या व्यासपीठावर ही गोष्ट सांगितली, आणि ती जगभर पाहिली गेली. नाशिकमध्ये त्यानंतर टीसीएस फाउंडेशनच्या पुढाकाराने डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र उभं राहिलं. शहराच्या अडचणींवर तरुणांनी दोन दिवस नव्हे, महिनोन् महिने बसून काम करावं, अशी सोय त्यातून झाली.

आता नाशिकमध्ये २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. २०१५ मधली शाळा-कॉलेजातली मुलं आता नोकरीधंद्याला लागली आहेत, त्या वेळचे अधिकारी बदलून गेले आहेत. यंदाही विद्यार्थी लॅपटॉप घेऊन गर्दीच्या प्रश्नावर बसतीलच. कोणत्या वाटेवर चटई चालली, कुठे ती ओली होऊन बसली, पोलिसांनी कोणता आकडा वापरला आणि कोणता बाजूला ठेवला, हे तेव्हाच्या मुलांनी कुठे लिहून ठेवलं असेल, तर ती फाइल त्यांना सगळ्यांत आधी उघडावी लागेल.